वनपर्यटन : गर्दी शहराची, भार गावाचा

पावसाळा लागला की ठाणे जिल्ह्यात दोन गोष्टी हटकून होतात. शनिवार-रविवारी कल्याण-मुरबाड रस्त्याला ठाणे, डोंबिवली, मुंबईच्या गाड्यांची रांग लागते आणि धबधबे, धरणे, तलाव यांच्यावर जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा मनाई आदेश निघतो. पाण्यात उतरायचे नाही, दारू प्यायची नाही, कड्यावर उभे राहून फोटो काढायचे नाहीत. काही वर्षी तर एक किलोमीटरच्या आत वाहन नेण्यालाही मनाई होती. पूर्वी हे आदेश कलम १४४ खाली निघत, १ जुलै २०२४ पासून ते नव्या संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. जून २०२४ च्या अखेरीस लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली माणसे वाहून गेली. त्यानंतर आदेश कशासाठी, हे कुणाला वेगळे सांगायची गरज उरली नाही.

तेव्हा आदेशाला विरोध असण्याचे कारण नाही. माणूस बुडाला की दोर घेऊन पहिला उतरतो तो गावातलाच पोरगा. पण बंदीची गावाच्या बाजूनेही थोडी चर्चा व्हावी. नावाजलेल्या धबधब्यावर पोलीस उभा राहिला की पर्यटक घरी परत जात नाही, तो पुढच्या ओढ्याकडे वळतो. तिथे ना फलक, ना पाण्याची माहिती असलेला माणूस. आणि रस्त्याकडेला मक्याची कणसे, कांदाभजी विकणाऱ्या बाईचे मात्र ते दिवस बुडतात. म्हणजे धोका तसाच राहतो आणि पैसा तेवढा जातो.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. जव्हार-मोखाड्याचे डोंगर तिकडे गेले. आपल्याकडे डोंगर आणि जंगल उरले ते मुख्यतः शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत. तरी ते थोडके नाही. आसनगाव स्टेशनहून जवळ असलेला माहुली किल्ला सुमारे २,८१५ फूट उंच. त्याला लागून तानसा अभयारण्य. मुरबाडकडे माळशेज, देहरीजवळचा गोरखगड, आणि भीमाशंकर अभयारण्याच्या रानातला सिद्धगड, जिथे २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मे झाले. ठाणे शहराला तर येऊरचे रान दाराशीच आहे. वैशाखऱ्याहून वर चढणाऱ्या नाणेघाटातून दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण बंदराचा माल जुन्नरला जाई. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, असे परंपरेने सांगतात. आज त्याच वाटेने शेकडो माणसे चढतात, पण पायथ्याच्या गावाला जकात सोडाच, वेफरच्या रिकाम्या पिशव्या मिळतात.

या लोंढ्यात आता घट होणार नाही. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि शहापूरचा डोंगर मोटारवाल्यांना आणखी जवळ आला. माळशेजला काचेच्या पुलाची चर्चाही काही वर्षे चालू आहे. तो होईल तेव्हा होईल. पण तो घाटमाथ्यावर, जुन्नरच्या बाजूला. खालच्या गावाला त्यातून गाड्यांचा धूर तेवढा मिळेल, अशी शंका येते.

आता शेतीच्या बाजूने पाहू, कारण खरी गोम तिथे आहे. शहरवाल्याला जंगल आठवते ते जुलै-ऑगस्टमध्ये. नेमकी तेव्हाच आपल्याकडे भाताची आवणी असते. घरातली सगळी माणसे चिखलात, मजूर मागून मिळत नाही. अशा वेळी पाहुण्याला भाकरी कोण घालणार आणि वाट कोण दाखवणार? उलट नुकसानच होते. मुरबाड भागातल्या एका शेतकऱ्याने मला बांध दाखवला. म्हणाला, "सायेब, रातभर पानी धरून ठेवलं व्हतं, यांनी गाडी वळवाया बांधच दाबला." खाचरातले पाणी गेले, रोपे उघडी पडली. त्याची भरपाई कोणत्याही योजनेत नाही.

म्हणून माझे मत असे की गावाने पावसाळ्याच्या मागे लागू नये. पावसाळ्यात राखण करावी, कमाई दुसऱ्या हंगामात करावी. भात झोडून झाले की नोव्हेंबर ते फेब्रुवारी खाचरे मोकळी असतात. ज्यांना ओल आहे ते वाल, हरभरा घेतात. बाकीची जमीन पडून असते. हवा कोरडी, वाटा पक्क्या, घसरण्याचे भय कमी. गड चढायला हाच खरा काळ. गाड्या लावायला, तंबू ठोकायला पडीक खाचर चालते, पेंढा आणि वालाच्या शेंगा घरच्याच. दुसरा हंगाम मेअखेरीचा. करवंद, जांभूळ, पहिल्या सरीनंतरची शेवळं आणि काजवे. डोंगराच्या पलीकडे अकोले तालुक्यात पुरुषवाडीचे गावकरी काजव्यांच्या दिवसांत शहरातली माणसे आपल्या घरी ठेवून घेतात. आपले रान त्याहून वेगळे नाही. फक्त बॅटऱ्या आणि मोटारींचे दिवे काजव्यांच्या झाडाखाली नेऊ देऊ नयेत, नाही तर पुढच्या साली दाखवायला काही राहणार नाही.

थंडीच्या हंगामाला एक मोठा धोका आहे, तो वणव्याचा. शेकोटी नीट विझवली नाही की वाळलेले गवत पेटते. तबेल्यांना गवत विकणाऱ्यांना हे नुकसान किती ते ठाऊक आहे. तेव्हा शेकोटी फक्त नांगरलेल्या किंवा झाडून साफ केलेल्या खाचरात, पाण्याची हंडी शेजारी ठेवूनच पेटवू द्यावी. रानात अजिबात नाही.

पैसे घ्यायचे कसे, हा प्रश्न सरपंच नेहमी विचारतात. वनखात्याच्या जमिनीत ग्रामपंचायतीने आपल्या मनाने नाका उभारू नये, ते अंगाशी येईल. १९९२ पासून राज्यात संयुक्त वन व्यवस्थापन समित्या आहेत. पुष्कळ गावांत त्या कागदावरच राहिल्या. साताऱ्याच्या कास पठारावर मात्र आजूबाजूच्या गावांची समिती वनखात्याबरोबर फुलांचा हंगाम चालवते. प्रवेश शुल्क घेते, दिवसाला किती माणसे सोडायची ते ठरवते, गावची पोरे कामाला लावते. तिथेही कुरबुरी झाल्या, कुंपणावरून वादही झाला, पण पैसा गावात राहिला. ज्या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला आहे, त्या गावाची ग्रामसभा तर रानाच्या रक्षणाबाबत अधिकाराने बोलू शकते. शहापूर तालुका आणि मुरबाडची बरीच गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथे पेसाचाही आधार आहे.

स्वतःच्या जमिनीवर काही करायचे असेल तर २०२० चे कृषी पर्यटन धोरण पाहावे. किमान एक एकर जमीन असलेल्या शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. पण आधी कर्ज काढून खोल्या बांधू नका. पहिली दोन वर्षे बचत गटाच्या जेवणावर, वाटाड्यावर आणि गाड्या लावण्याच्या पैशावर अंदाज घ्या. कमोड नसला तर शहरवाला कुरकुर करील, पण दरवाजा आणि पाणी असलेला स्वच्छ संडास मात्र हवाच.

यात एक घाई करण्यासारखी गोष्ट आहे. रस्ता सुधारला की पाठोपाठ जमिनीचा दलाल येतो. डोंगराच्या पायथ्याची वरकस जमीन तो फार्महाऊससाठी मागतो, आणि आजवर गवताशिवाय काही न देणाऱ्या जमिनीचा भाव ऐकून माणूस भुलतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला द्यायला कलम ३६ अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. इतरांना तेवढेही कुंपण नाही. एकदा तार ओढली की गडावर जायची जुनी पायवाट, गुरांचा रस्ता, पाणवठा सगळेच अडते. मग रखवालदार म्हणून नोकरी मिळते ती आपल्याच शेतावर.

तेव्हा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत निदान तीन ठराव घ्यावेत. पायवाटा आणि पाणवठे गावनकाशावर दाखवून घेणे, वन समितीची बैठक वनपालांना बोलावून घेणे, आणि गाड्या कोणत्या जागी लावायच्या व त्याचे किती घ्यायचे ते ठरवणे. पावतीपुस्तक छापूनच घ्यावे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ठरावाची प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयाला आणि पोलीस ठाण्याला पाठवावी, म्हणजे पुढच्या जूनमध्ये मनाई आदेशाचा विचार होताना गावाचे म्हणणे फाईलला असेल.