पन्नाशीत दात सरळ करताना



सोयाबीनवरचा चक्रीभुंगा आणि हळदीची कंदकुज हे या सदराचे नेहमीचे विषय. आज मात्र ते बाजूला ठेवतो, कारण सेनगाव तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "माझे वय एकतीस. पुढचे दात एकावर एक चढलेले आहेत. लहानपणी कुणी लक्ष दिले नाही. आता शिवणकामाचे थोडे पैसे साठले आहेत. तारा न लावता पारदर्शक साच्याने दात सरळ होतात असे ऐकले. घरचे म्हणतात, लग्न झाले, दोन लेकरे झाली, आता दात कुणाला दाखवायचे? तुम्ही हा उपचार घेतल्याचे एकदा ओझरते लिहिले होते. खरे काय ते सांगा."

ताई, खरे तेच सांगतो. मी शेतीचा पदवीधर, दातांचा डॉक्टर नव्हे. पण एक्कावन्नाव्या वर्षी मी हा उपचार सुरू केला आणि सतरा महिने तो भोगला, त्या अधिकारावर लिहितो.

माझे खालचे पुढचे दात इतके दाटीने होते की दोन दातांच्या मधे ब्रश पोचत नसे. शेतकरी मेळाव्यात बोलताना नकळत हात तोंडावर जाई. तरीही नुसत्या दिसण्यासाठी मी गेलो नसतो. हिरड्यांतून रक्त येऊ लागले तेव्हा गेलो. डॉक्टर म्हणाले, दाटी अशीच राहिली तर साफसफाई होणार नाही आणि हे दात लवकर हलू लागतील. तेव्हा घरच्यांना एवढेच सांगा की दात कुणाला दाखवण्यासाठीच असतात असे नाही. भाकरी त्यांनीच चावायची असते.

आता हे साचे काय काम करतात ते पाहू. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंची पातळ गादी असते. दातावर मंद आणि सतत दाब राहिला की ज्या बाजूला दात सरकतो तिकडचे हाड थोडे विरघळते आणि मागे सुटलेल्या जागेत नवे हाड भरते. वाकलेल्या कलमाला आपण काठी रोवून सुतळीने हळूहळू सरळ करतो, तसेच हे. एका दिवसात ओढाल तर कलम मोडेल. म्हणून एक साचा दाताला सुमारे पाव मिलिमीटरच सरकवतो. एक-दोन आठवड्यांनी पुढचा साचा, मग त्याच्या पुढचा. कुणाला दहा-बारा साचे पुरतात, कुणाला चाळीस लागतात. वय आड येत नाही. हिरड्या आणि हाड निरोगी हवे, एवढीच अट आहे.

कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेतले दंतवैद्य हॅरॉल्ड केसलिंग यांनी १९४५ साली रबराचा असा साचा केला होता. आजचे पारदर्शक साचे १९९७ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या कंपनीने बाजारात आणले. तिच्या संस्थापकांपैकी जिया चिश्ती यांनी मोठेपणी तारा लावून घेतल्या होत्या. नंतर दिलेली क्लिप काही दिवस घातली नाही की दात सरकतात आणि पुन्हा घातली की जागेवर येतात, हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यातून हा उद्योग निघाला असे सांगतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिचे काम पडेल.

पहिल्या भेटीत साचे मिळतील अशी आशा धरू नका. आधी तपासणी, सगळ्या जबड्याचा एक्स-रे, फोटो, मग दातांचे माप. कीड असेल तर ती भरायची. हिरड्या सुजलेल्या असतील तर आधी त्यांचा उपचार. माझे दोन महिने त्यातच गेले. जमीन तयार नसताना पेरणी करायची नाही हे मी तीस वर्षे इतरांना सांगतो आहे, पण त्या दोन महिन्यांत माझाच धीर सुटत होता. तंबाखू किंवा गुटख्याची सवय असेल आणि ती सोडायची तयारी नसेल, तर पैसे खिशात ठेवून घरी बसलेले बरे. मधुमेह असेल तर तो डॉक्टरांना सांगावा, लपवू नये.

मग दातांवर दाताच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवतात. साच्याला दात पकडता यावा म्हणून ते असतात. हे मला आधी कुणी सांगितले नव्हते आणि मी उगाच घाबरलो. जागा कमी असेल तर दोन दातांच्या मधे किंचित घासतात. ते मिलिमीटरच्या काही दशांशांइतकेच असते आणि दुखत नाही, फक्त आवाज कानाला नको वाटतो.

पहिले दोन-तीन दिवस दात ठणकतात. भाकरीचा कडक पापुद्रा चावत नाही, वरणात कुस्करून खावे लागते. तोंडाला पाणी सुटते, 'स' आणि 'श' नीट उमटत नाहीत. मी त्या आठवड्यात सोयाबीनच्या बैठकीत मुद्दाम कमी बोललो. आठवड्याभरात जीभ सरावते. दात किंचित हलल्यासारखे वाटतात, त्याने घाबरू नये. फार हलले किंवा दुखणे थांबेना तर मात्र डॉक्टरांना गाठावे. नवा साचा रात्री निजताना घालावा म्हणजे पहिली कळ झोपेत जाते.

खरा त्रास ठणक्याचा नाही, नियमाचा आहे. साचा दिवसाचे बावीस तास तोंडात पाहिजे. खाताना काढायचा, आणि साध्या पाण्याखेरीज काहीही पिताना काढायचा. आता विचार करा, आपल्याकडे कुणाच्याही ओट्यावर टेकले की आधी चहा. नको म्हटले तर माणूस दुखावतो. माझा दिवसाचा आठ-नऊ कप चहा व्हायचा. प्रत्येक कपाला साचा काढा, चहा प्या, चूळ भरा, हात धुवा, पुन्हा घाला. पहिल्यांदा एका गावात मी लिंबाच्या झाडामागे जाऊन साचा काढला. तिथे एक म्हाताऱ्या आजी शेळी बांधत होत्या. म्हणाल्या, "एवढ्यातच कवळी आली का रं बाबा?" दुपारपर्यंत ते गावभर झाले. चौथ्या दिवशी मी सरळ सगळ्यांसमोर काढू लागलो, आणि चहा दोन वेळांवर आला. त्यात माझे पित्तही कमी झाले, हा फायदा डॉक्टरांच्या हिशेबात नव्हता.

चहा साचा घालूनच प्यायला तर काय होते? गरम चहाने तो वाकडा होतो, डाग पडतात, आणि गोड चहा आत अडकून दात किडतात. आपल्या भागात आणखी एक धोका आहे, तो म्हणजे हळद. एकदा घाईत मी साचा घालूनच पिठल्याचे दोन घास खाल्ले. संध्याकाळपर्यंत साचा वसमतच्या मोंढ्यातल्या पोत्यासारखा पिवळा झाला. तो रंग शेवटपर्यंत निघाला नाही. साचा नेहमी थंड पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवावा. गरम पाणी नको.

शेतात काम करणाऱ्यांनी हात साबणाने धुतल्याशिवाय साच्याला लावू नये. नखात माती असते, फवारणीचे औषध असते. फवारणीच्या दिवशी तर सगळे काम आटोपून आंघोळ होईपर्यंत साच्याला बोटही लावायचे नाही. भूक लागली तरी आधी आंघोळ, मग साचा, मग जेवण.

साचा ठेवायला डबी देतात. ती कमरेला चावीसारखी जपावी. मी एकदा वनभोजनात साचा कागदात गुंडाळून ठेवला आणि तो पत्रावळींबरोबर उकिरड्यावर गेला. चूक माझीच. मागचा साचा जपून ठेवला होता म्हणून निभावले. डॉक्टरांनी तो पुन्हा घालायला सांगितला आणि नवा येईपर्यंत उपचार तीन आठवडे लांबला. घरात कुत्रे असेल तर त्याच्यापासूनही जपा, लाळेच्या वासाने ते साचे चावते.

आता पैशाचे बोलू. डॉक्टर, कंपनी आणि दातांची अवस्था यांप्रमाणे पन्नास-साठ हजारांपासून अडीच-तीन लाखांपर्यंत आकडे सांगतात. दीड लाख धरा. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये जाहीर झाला. त्या भावाने दीड लाख म्हणजे अठ्ठावीस क्विंटल सोयाबीन. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की ताईंनी आधी साध्या तारांची चौकशी करावी. तारा दिसतात हे खरे, पण बहुधा कमी पैशात होतात, आणि फार वळलेल्या किंवा दात काढून जागा करायच्या तोंडात अनेकदा त्याच जास्त चांगले काम करतात. तारा तोंडात पक्क्या असल्याने 'आज घातला नाही' हा प्रश्नही येत नाही. नांदेड, परभणी आणि लातूरला दंत महाविद्यालये आहेत. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय १९८२ पासूनचे आहे. तिथे दंतव्यंगोपचार विभाग विचारावा. खाजगीत गेलात तर डॉक्टरांनी याच विषयात एम.डी.एस. केले आहे का हे विचारायला संकोच करू नका. बियाण्याच्या पिशवीवरचा टॅग आपण वाचतोच ना? सांगितलेल्या रकमेत मधे लागणारे जादा साचे आणि शेवटची क्लिप धरली आहे का, हेही आधीच विचारा. मला मधे पुन्हा माप देऊन आणखी सहा साचे घ्यावे लागले.

मोबाईलवर 'घरबसल्या माप द्या, साचे टपालाने येतील' अशा जाहिराती येतात. त्यांच्या नादी लागू नका. अमेरिकेत स्माइलडायरेक्टक्लब नावाची अशी मोठी कंपनी होती. डिसेंबर २०२३ मध्ये ती एकाएकी बंद पडली आणि ज्यांचे उपचार अर्ध्यावर होते त्यांना वाऱ्यावर सोडले. ज्याने एक्स-रे पाहिला नाही, हिरडीला हात लावला नाही, त्याच्या साच्याने दात हलवून घेऊ नये.

आणि शेवटचा साचा निघाला म्हणजे सुटलो असे नाही. दात जुन्या जागी परत जाऊ पाहतात. म्हणून त्यांना धरून ठेवणारी क्लिप, रिटेनर म्हणतात ती, सुरुवातीला डॉक्टर सांगतील तितके तास आणि पुढे रोज रात्री वर्षानुवर्षे घालावी लागते. दात जितकी वर्षे सरळ हवेत तितकी वर्षे. मी गेल्या दिवाळीत गावी जाताना ती घरी विसरलो. दहा दिवसांनी घातली तेव्हा ती दातांवर बसेना, दोन रात्री ठणका सोसला.

तेव्हा ताई, साठवलेल्या पैशातून आधी फक्त तपासणीचे आणि एस.टी.च्या तिकिटाचे काढा. हिरड्या कशा आहेत, तारा बऱ्या की साचे, एकूण खर्च किती, एवढे विचारून त्याच दिवशी परत या. पैसे लगेच भरू नका. आणि जमले तर सासूबाईंना सोबत घेऊन जा. त्यांचेही दात बरेच दिवसांत कुणी पाहिले नसतील.