एकाचा पगार, साऱ्यांचे घर

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस लागलेल्या तरुणाचे गाव पुष्कळदा फार दूर नसते. इंदापूर तालुक्यात नीरा डाव्या कालव्यावर घरची थोडी शेती, ती पाहणारे आईवडील, आणि दरमहा पगार आणणारा घरात तो एकटा. लग्नाची बोलणी सुरू झाली की बारामतीत स्वतःचे घर असावे, असा आग्रह दोन्हीकडून होऊ लागतो.

एके काळी मध्यमवर्गीय नोकरदाराचे घर बहुधा निवृत्तीच्या वेळी, भविष्य निर्वाह निधीच्या रकमेतून होई. ते उमेदीच्या वयात व्हावे म्हणून हसमुखभाई पारेख यांनी 1977 साली एचडीएफसीची स्थापना केली. आज गृहकर्ज सुलभ झाले आहे. परंतु बँक प्रथम पाहते ती पगाराची पावती. हप्ता दरमहा भरावयाचा आणि उसाचे बिल मिळणार हंगामात, हा मेळ सहजी बसत नाही. म्हणूनच कुटुंबाचा आधार नेमका कोठे घ्यावा, हा या व्यवहारातील कळीचा प्रश्न आहे.

बहुतेक घरांत तो आधार मोठे घर घेण्यासाठी वापरला जातो. वडील आहेतच, या भरवशावर हप्ता पगाराच्या निम्म्यापुढे जातो. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत, असे बंधन 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. ते कितपत पाळले जाते, हे ऊसकऱ्यास सांगावयास नको! बिल लांबले की हप्ताही थकतो. आमचे मत असे की, कर्ज एकट्या पगाराला पेलेल एवढेच काढावे आणि शेतीचा पैसा मुद्दल फेडण्यासाठी राखावा.

हिशेब पाहा. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी 20 लाखांचे कर्ज घेतले, तर हप्ता सुमारे 17,350 रुपये येतो. पहिल्या वर्षी भरलेल्या दोन लाख आठ हजारांपैकी जवळजवळ एक लाख अडुसष्ट हजार केवळ व्याजात जातात. मात्र वर्षअखेरीस उसाच्या बिलातील एक लाख रुपये मुद्दलात भरून हप्ता तोच ठेवला, तर, दर कायम राहिल्यास, पुढचे सव्वीस हप्ते वाचतात. तरत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड आकारण्यास रिझर्व्ह बँकेने 2012 मध्येच मनाई केली आहे. ही सवलत शेतकरी कुटुंबासाठीच जणू योजिली आहे, पण तिचा लाभ घेणारे थोडे.

प्रारंभीच्या रकमेचा प्रश्न उरतोच. घराच्या पूर्ण किमतीएवढे कर्ज मिळत नाही. शिवाय मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च असतो. येथे वडिलांची साठवण उपयोगी पडावी. पण विकास सोसायटीचे पीककर्ज उचलून ते घरात घालण्याचा मोह अनेकांना होतो, तो घातक आहे. पीककर्ज वेळेत फेडले तरच व्याजाची सवलत मिळते. ते थकले की पुढच्या हंगामाला खतापाण्याची तोंडमिळवणी कशाने करावयाची?

आणखी एक गोष्ट, जी बोलण्यास आपल्याकडे संकोच वाटतो. वडील सहकर्जदार म्हणून सही करतात तेव्हा ती नुसती साक्ष नसते. मुलाची नोकरी गेली तर संपूर्ण कर्जाची मागणी त्यांच्याकडेही होऊ शकते. खरेदीखतावर त्यांचे नाव मात्र अनेकदा नसते. वडिलोपार्जित जमीन विकून पैसा उभा केला, तर त्यात बहिणीचाही वाटा असतो. केंद्राच्या 2005 च्या दुरुस्तीने तिला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. महाराष्ट्राने त्या दिशेने 1994 मध्येच पाऊल टाकले होते. कोणी किती दिले, ते परत करावयाचे की नाही, हे घर घेण्यापूर्वी बहिणीला समोर बसवून कागदावर लिहावे. बहीण सासरी गेली म्हणून तिला विचारावयाचेच नाही आणि दहा वर्षांनी तिच्याकडे हक्कसोडपत्र मागावयाचे, ही रीत आता सोडली पाहिजे.