उलटी नावे आणि बेपत्ता कागद

महाराष्ट्रातील आमचे एक डॉक्टर स्नेही हौसेने इतिहास लिहितात. गेल्या कार्तिकात, म्हणजे इकडच्या ऐन पावसाळ्यात, त्यांनी आमच्याकडे एक निबंध धाडला. विषय तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या (१७७७–१८३२) काळातील नेत्रचिकित्सेचा. रोग्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे आणि उपचारांच्या नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत, तेव्हा विषयाला पाया भक्कम होता. तरीही एका वैद्यकीय नियतकालिकाने तो परत पाठविला होता. कारण एकच, संदर्भसूची विहित नमुन्यात नाही. "तुम्ही तिरुवैयारूस आहात, तंजावर तुमच्या उशाशी, शिवाय काम कारकुनी आहे," असे स्नेह्यांनी लिहिले. कारकुनी हा शब्द त्यांनी सहज वापरला असावा. आम्हांस तो लागला.

दोन रविवार खर्चून आम्ही त्रेचाळीस नोंदी नीट केल्या. आडनाव आधी, मग आद्याक्षरे, त्यांपुढे टिंब नको. सहा लेखकांपर्यंत सर्वांची नावे, पुढच्यांची बोळवण 'व इतर' म्हणून. वर्षानंतर अर्धविराम, पृष्ठांकांआधी अपूर्णविराम. १९७८ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे काही वैद्यकीय संपादक एकत्र बसले, त्या बैठकीतून ही शिस्त निघाली. एका नियतकालिकाने नाकारलेला निबंध दुसऱ्याकडे धाडताना लेखकाला तो सगळा पुन्हा टंकलिखित करावा लागू नये, एवढाच तिचा हेतू. लेखकाचे श्रम वाचविण्यासाठी निघालेली सोय आज लेखकाला दारातून परत फिरविण्याच्या कामी येते, हे त्या संपादकांच्या स्वप्नातही आले नसेल.

पण आमचे खरे भांडण याहून निराळे आहे. त्या त्रेचाळिसांत एक नोंद अशी होती: 'तंजावर राजवाड्यातील मोडी कागद'. संपले. रुमाल कोणता, कागद कितवा, मिती काय, वाचला कोणी, काही नाही. नियतकालिकाने बाकीच्या बेचाळीस नोंदींतील टिंबांवर बोट ठेवले होते. या एका नोंदीत विरामचिन्हच नव्हते, म्हणून ती निर्दोष ठरली होती!

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी कचेरीत टिपण्या लिहिल्या आहेत. फायलीतील कागदांना आपण 'अ', 'ब' अशा चिठ्ठ्या लावतो. परंतु चिठ्ठी आज ना उद्या गळून पडते, म्हणून टिपणीच्या समासात कागदाचा पृष्ठांकही लिहावा असा आपल्या कार्यपद्धतीचा दंडक आहे. 'फायलीत असे आढळते' एवढेच लिहून टिपणी वर पाठविणाऱ्या कारकुनाची टिपणी संध्याकाळच्या आत परत येते. आणि आपले विद्वान मात्र 'तंजावर दफ्तरावरून दिसते' असे बिनदिक्कत लिहितात, व आपण ते आदराने वाचतो. कोणते दफ्तर? मोडी कागद काही सरस्वती महालात आहेत, काही तमिळ विद्यापीठात. अशा मोघम उल्लेखावर विसंबून पुण्याहून निघालेला अभ्यासक कोणत्या दाराशी उभा राहणार?

आम्ही स्नेह्यांस पत्र घालून विचारले, कागदाचा क्रमांक द्यावा. उत्तर आले ते वाचून आम्ही क्षणभर स्तब्ध झालो. मोडी कागद त्यांनी पाहिलाच नव्हता. त्यांना मोडी येत नाही, आणि यात लाजण्यासारखे काही नाही, आम्हांसही ती अडखळतच येते. त्यांनी मजकूर घेतला होता एका इंग्रजी निबंधातून. त्या निबंधाने घेतला होता मोडी कागदांच्या छापील तमिळ भाषांतरातून. तमिळ विद्यापीठाने अशी भाषांतरे १९८९ साली प्रसिद्ध केली आहेत. कोणा तमिळ माणसाने आपल्या पूर्वजांची लिपी शिकून, डोळे शिणवून ते काम केले, आणि मराठी माणसाच्या सूचीत त्याचे नावच नाही! "पण मूळ तर मोडीच ना?" असे स्नेह्यांचे म्हणणे. हा युक्तिवाद आम्हांस मुळीच मान्य नाही. न पाहिलेल्या कागदावर 'पाहिला' अशी सही करणे याला कचेरीत जे नाव आहे तेच येथेही लागू पडते.

इंग्रजी निबंधाच्या लेखकाचे नावही त्यांनी उलटे छापले होते. तमिळ माणसाच्या नावात आधी येणारे अक्षर बहुधा वडिलांचे वा गावाचे असते, आणि शेवटी येते ते त्याचे स्वतःचे नाव. आडनाव नसतेच. स्नेह्यांनी आडनाव शोधण्याच्या भरात वडिलांना लेखक केले. आपण मराठी माणसे या साच्यात सुखाने बसतो, 'कापरेकर द. रा.' लिहिताना काही मोडत नाही; म्हणून दुसऱ्याचे मोडलेले आपल्या ध्यानात येत नाही. चंद्रशेखर अय्यरांच्या मुलाचे नाव वेंकटरामन हे एकसंध होते. त्याचे दोन तुकडे होऊन जगाला माहीत झाला तो 'रामन'. आणि मराठी तरी कोठे सुटले? १८२८ मध्ये कुंभकोणम येथे जन्मलेले, त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव आपल्यासारखेच परमुलखात नोकरी केलेले मराठी गृहस्थ. त्यांतील 'टी' म्हणजे तंजावर, आणि 'राव' हा आदर. साच्यात घातले की ते होतात 'राव टी. एम.', म्हणजे गावाचे झाले आद्याक्षर आणि आदराचे झाले आडनाव.

कोणी म्हणेल, आता हे सगळे संगणक करतो. करतो खरा. अलीकडे तर तो कोणीही न लिहिलेल्या निबंधांच्या नोंदीसुद्धा रचून देतो, आणि त्यांत एक स्वल्पविराम चुकत नाही. म्हणूनच नमुना तपासून समाधान मानणाऱ्या संपादकांचे आम्हांस नवल वाटते.

येथे तिरुवैयारूस पुष्य वद्य पंचमीला त्यागराजांची आराधना होते. एखादी कृती जरा निराळी गायिली गेली की मागे बसलेली जाणती मंडळी कुजबुजतात: पाठांतर कोणाचे? आपण पाठांतर म्हणजे घोकंपट्टी समजतो. इकडे त्याचा अर्थ, ही कृती गुरुपरंपरेने कोणाकडून कशी आली. वालाजापेटची परंपरा, उमयाळपुरमची, की येथून चालत जाण्याजोग्या तिल्लैस्थानमची? त्यागराज १८४७ साली गेले, तरी गायकाला मधले दुवे सांगावे लागतात. 'मूळ तर त्यागराजांचेच ना?' असे म्हणून तेथे सुटका होत नाही.

आम्ही त्रेचाळिसावी नोंद अशी लिहून पाठविली: मोडी कागद, निबंधलेखकाने पाहिलेला नाही, अमुक भाषांतरकाराच्या तमिळ भाषांतरावरून अमुक इंग्रजी निबंधात आलेला उतारा, पृष्ठ अमुक. दोन्ही नावे ती माणसे स्वतः लिहितात तशी ठेवली. नोंद नमुन्यात बसत नाही, तीन ओळी झाली आहे. तंजावरला जाऊन मूळ कागद काढून पाहावयाची आमची तयारी आहे, बसने तासाभराचेही अंतर नाही, असेही सोबत कळविले. पोंगल होऊन गेला, आराधनेचा मांडवही उतरला. स्नेह्यांचे उत्तर अद्याप नाही.