‘तेलाविना तळण’ नावाचा भ्रम

एअर फ्रायर तळत नाही; पंख्याने तप्त हवा फिरवून भाजतो. मग गोठवलेले फ्रेंच फ्राइज त्यात ‘तेलाविना’ कुरकुरीत होतात ते कसे? बहुधा ते कारखान्यातच तेलात अर्धवट तळलेले असतात. त्या तेलाविषयी जाहिरात मौन पाळते.

साधारण १२० अंश सेल्सियसच्या वर बटाट्यातील ॲस्पॅराजिन व शर्करा यांपासून ॲक्रिलामाइड बनते. स्वीडनमधील संशोधकांनी २००२ मध्ये याकडे जगाचे लक्ष वेधले. उष्णता तेलाची की हवेची, हे ती अभिक्रिया विचारत नाही.

घरी तेल कमी लागते, हा लाभ खरा. परंतु त्यालाच आरोग्याचे प्रमाणपत्र मानणे ही विज्ञानाची विटंबना होय. भारतात पाकिटावर घटक आणि मेदाचे प्रमाण छापणे बंधनकारक आहे. पुरावा तेथे शोधावा, यंत्राच्या खोक्यावर नव्हे.