धावणाऱ्यांनी पोटभर जेवावे!

"लांब धावायचे असेल तर आधी वजन उतरवा," हा उपदेश मैदानावर इतक्या वेळा कानी पडतो, की तो शास्त्राचा नियमच वाटावा. त्यात खरे किती, याचा विचार आपण विद्यार्थ्यांनी करावयास हवा.

खरे आहे ते आधी मान्य करू. धावणारा आपला देह स्वतःच वाहून नेतो. दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला साधारण एक कॅलरी खर्च होते. ओझे जास्त तर खर्च जास्त. चढावर तर ते फारच जाणवते. लांब पल्ल्याचे नामवंत धावपटू सडपातळ दिसतात ते उगाच नव्हे.

परंतु याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. 50 किलोची मुलगी 5 किलोमीटर धावली की 250 कॅलरी खर्चते, म्हणजे सुमारे 70 ग्रॅम ज्वारीचे पीठ. तिला एक मोठी भाकरी जास्त हवी, आणि आपल्याकडे नेमकी तीच भाकरी कमी केली जाते! सरावानंतर काट्यावर उतरलेले वजन तर बहुतांशी घामाचे असते. पाणी प्याले की ते परत येते.

पुरेसे अन्न न मिळाल्यास शरीर अन्यत्र काटकसर करते. मुलींची पाळी थांबते, हाडे कमकुवत होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 साली या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन इशारा दिला. अमेरिकेची मेरी केन 2013 साली, अवघ्या 17 व्या वर्षी, जागतिक स्पर्धेत 1500 मीटरच्या अंतिम फेरीत धावली. पुढे वजन घटवण्याच्या दडपणाखाली तीन वर्षे आपली पाळी बंद होती व पाच हाडे मोडली, असे तिने 2019 साली जाहीरपणे सांगितले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. शाळेत असताना एका शिबिरात आम्हा मुलींची वजने सर्वांसमोर मोठ्याने वाचली गेली. त्या रात्री किती जणींनी ताट पुढे सारले, हे मी पाहिले आहे. ज्या घरांत आई सर्वांच्या शेवटी, उरलेसुरले खाते, तिथल्या मुलींना उपाशी राहणे वेगळे शिकवावे लागत नाही. दुष्काळी माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. अशा मुली आपल्याही मैदानावर असतील. पण त्या उपाशीपोटी कशा पुढे येणार?

म्हणून जिमखान्याकडे तीन मागण्या. वजन घ्यायचेच तर ते डॉक्टरांनी, एकांतात घ्यावे. खेळाडू मुलींचे हिमोग्लोबिन वर्षातून एकदा तरी तपासावे. आणि सरावानंतर प्रत्येकाला शेंगदाणे-गूळ, केळे वा वाटीभर उसळ मिळावी. स्नेहसंमेलनातील हारतुऱ्यांचा खर्च थोडा आखडला, तर ही तरतूद पुढील वर्षीच्या अंदाजपत्रकात करणे अवघड नाही. प्राध्यापकवर्गाने ती करावी, ही आग्रहाची विनंती.

(द्वितीय वर्ष, कला)