कठड्याची आज्ञा

मोशेच्या नियमशास्त्राचा गहन अर्थ येशूने उलगडून दाखवला, याबद्दल ख्रिस्ती जगात दुमत नाही. तो अर्थ कोणता, याबद्दल मात्र एक समजूत इतकी खोल रुजली आहे की ती तपासायची कुणाला गरजच वाटत नाही. जुन्या कराराचा नियम हाताने केलेल्या कृतीपुरता होता, येशूने तो मनापर्यंत नेला. आधी खून निषिद्ध होता, आता राग निषिद्ध झाला. आधी व्यभिचार, आता वासनेची नजर. म्हणून आज्ञेचा खोल अर्थ पाळायचा म्हणजे मन निर्मळ ठेवायचे, कुणाविषयी आकस धरायचा नाही आणि उरलेले देवाच्या कृपेवर सोपवायचे. उपवासकाळातल्या प्रवचनांत आणि घरोघरच्या प्रार्थनेत हाच सूर असतो. यातला अर्धा भाग खरा आहे, आणि म्हणूनच ही समजूत अधिक घातक आहे. पालघर जिल्ह्यात, त्यातही बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात, ती लावून पाहिली की तिचे अपुरेपण लपत नाही.

११ जानेवारी २०२० रोजी बोईसरजवळ कोळवडे इथल्या एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला आणि आठ जणांचा जीव गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात वायुगळती होऊन चार कामगार दगावले. या घटनांत दोष कुणाचा, हे ठरवणे तपासयंत्रणेचे आणि न्यायालयाचे काम. तो निवाडा इथे करायचा नाही. सांगायचे आहे ते एवढेच की कारखान्यातल्या मरणांमागे आकस शोधू गेले तर तो बहुधा सापडत नाही. ठेकेदाराने आणलेल्या हेल्परचे नावही मालकाला ठाऊक नसते. त्याचा द्वेष तो कशाला करील? मनातला राग हीच जर ‘खून करू नको’ या आज्ञेची शेवटची पायरी असेल, तर निष्काळजीपणाने ओढवलेल्या मरणांत ही आज्ञा मोडलीच गेली नाही असे म्हणावे लागेल. ज्या अर्थाने अशी मरणे आज्ञेच्या कक्षेबाहेर पडतात, तो अर्थ खोल कसला? तो मूळ आज्ञेहून उथळ आहे.

मुळात जुना करार वरवरच्या कृतीपुरता होता, हेच खरे नाही. अनुवाद या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात एक लहानसा नियम आहे: नवे घर बांधशील तेव्हा छपराला कठडा घाल, नाहीतर कुणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. त्या देशातली घरे सपाट छपराची. लोक तिथे झोपत, पीक वाळवत. राहाबेने हेरांना लपवले ते छपरावर रचलेल्या काड्यांखाली, आणि पेत्र प्रार्थनेला चढला तोही छपरावरच. म्हणजे छपरावर माणसांची ये-जा असणार हे घरमालकाला पक्के ठाऊक होते. नियम त्याला विचारत नाही की पडणाऱ्याबद्दल तुझ्या मनात काय होते. कुणी त्याला ढकलले का, हेही विचारत नाही. कठडा होता की नव्हता, एवढेच विचारतो. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे: बैल शिंगे मारतो हे मालकाला आधी सांगितलेले असूनही त्याने त्याला आवरले नाही आणि माणूस मेला, तर मालकही देहान्ताला पात्र ठरतो. उघड्या ठेवलेल्या खड्ड्याची भरपाई खड्डा खणणाऱ्याने करायची. पुढे यहुदी रब्बींनी कठड्याच्या त्याच वचनावरून असा निर्णय काढला की घरात चावरे कुत्रे पाळू नये आणि डुगडुगती शिडी ठेवू नये. तेव्हा यहुदी शास्त्री केवळ अक्षराला चिकटलेले आणि ख्रिस्ती तेवढे मर्म जाणणारे, ही आपली लाडकी विभागणी सोडून द्यावी. ती अन्यायाची आहे, आणि तिच्यामुळे आपण स्वतःच्याच शास्त्रातला अर्थ गमावून बसलो आहोत.

आता २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे कलम ३६ पाहा. विषारी वायूचा संभव असलेल्या टाकीत, खड्ड्यात किंवा नळात कुणाला उतरवायचे तर आधी तो वायू शक्य तितका काढून टाकला पाहिजे. त्यानंतर जाणकार माणसाने प्रत्यक्ष तपासणी करून धोका नसल्याचा लेखी दाखला दिला पाहिजे. नाहीतर उतरणाऱ्याने श्वसनयंत्र लावून कमरेला पट्टा बांधला पाहिजे, त्या पट्ट्याला दोर असला पाहिजे आणि दोराचे मोकळे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असले पाहिजे. संविधान सभेने कायदेमंडळ म्हणून केलेल्या या कायद्यात दोराचे टोक धरणाऱ्या माणसापर्यंतचा विचार होता. मोशेचा कठडा आणि हा दोर यांचा गाभा एकच आहे: धोका निर्माण करणाऱ्याने, ज्याला धोका दिसत नाही त्याच्या वतीने आधी विचार करायचा. पण दाखला लेखी हवा म्हटले की तो शिफ्ट सुरू होण्याआधीच सही करून ठेवता येतो. वायू मोजण्याच्या यंत्राला हात न लावता आकडा भरता येतो. तपासनीस आला तर वही चोख निघते. अक्षर पाळले गेले आणि माणूस आत गुदमरला, हे एकाच वेळी घडू शकते. पुदिना, शेपू आणि जिरे यांचाही दशांश देणाऱ्या, पण न्याय आणि दया विसरणाऱ्या परूश्यांना येशूने फटकारले ते नेमके याच ठिकाणी. मात्र दशांश देणे सोडा, असे तो म्हणाला नाही. तेही करा आणि हेही सोडू नका, असे म्हणाला. म्हणून वहीला तुच्छ लेखू नये. वही दोरासाठी आहे, याचा विसर पडणे हा गुन्हा आहे.

पण येशूने तर राग आणि अपशब्द यांचाच उल्लेख केला, असा आक्षेप इथे येईल. तो उल्लेख खराच आहे. पण मत्तयाच्या पाचव्या अध्यायातले पुढचे वाक्य सहसा घाईने वाचले जाते. वेदीपाशी अर्पण आणले असता आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवायचे आणि आधी त्याच्याशी समेट करून यायचे. इथे आपल्या मनात भावाविरुद्ध काही आहे का, असा प्रश्नच नाही; तक्रार भावाची आहे. कसोटी आपल्या अंतःकरणातून उचलून त्याच्या तक्रारीत नेऊन ठेवली आहे. आज्ञा आत गेली ती तिथेच थांबण्यासाठी नव्हे, तर दुसऱ्या बाजूने बाहेर पडून शेजाऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठी. माझे मंडन एवढेच आहे: आज्ञेची खोली मनाच्या शुद्धतेवर मोजायची नाही, आपल्यामुळे ज्याला झळ पोहोचते त्या शेवटच्या माणसापर्यंत आपली जबाबदारी जाते का, यावर मोजायची. तारापूरचे सांडपाणी नवापूरच्या समुद्रात जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात देशातल्या औद्योगिक पट्ट्यांमध्ये तारापूर ९३.६९ गुणांनी प्रदूषणात पहिले आले. त्याआधीच, २०१६ मध्ये, अखिल भारतीय मांगेला समाज परिषद राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली होती. मासेमारीवर जगणाऱ्या समाजाने आपली तक्रार याहून स्पष्ट कशी सांगायची? मुरबे, नवापूर, दांडीच्या मच्छीमारांविषयी माझ्या मनात काही वाईट नाही, असे कारखानदार शपथेवर सांगेल आणि ते खरेही असेल. येशूच्या वचनात त्या उत्तराला जागा नाही.

कायद्याचे अक्षर निर्दोष ठेवून आज्ञा कशी मोडता येते, याचे बायबलमधले सर्वांत भेदक उदाहरण जमिनीचे आहे. नाबोथाला वडिलार्जित द्राक्षमळा राजा अहाबाला विकायचा नव्हता. राणी ईजबेलने उपास पुकारला, सभा बोलावली, नियमाप्रमाणे दोन साक्षीदार उभे केले, आरोप वाचला गेला, शिक्षा झाली. एकही पायरी गाळली नाही. राजा अहाबाने दगड उचलला नाही, पत्र लिहिले नाही. फक्त त्याचा शिक्का वापरला गेला. तरी एलीया संदेष्टा खून आणि मालमत्तेचा ताबा, दोन्ही त्याच्याच पदरात घालतो. पालघरला ही कथा परकी नाही. १९४५ मध्ये डहाणू-उंबरगावच्या वारल्यांनी शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठ आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध उठाव केला, तेव्हा सावकाराची बाजू कागदावर भक्कमच होती. लग्नासाठी कर्ज घेतले आणि अंगठा दिला, म्हणजे आयुष्य दिले. पुढे आदिवासींच्या जमिनीच्या रक्षणासाठी महसूल संहितेत ३६ आणि ३६-अ ही कलमे आली. अशा कलमांतूनही वाट काढून देणारे शिक्के असतात, आणि अहाबाचे पाप त्या शिक्क्यांनाच लागू पडते.

यावरचा गंभीर आक्षेप धर्मशास्त्रीय आहे. माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो, नियमाच्या कर्मांनी नव्हे, असे पौल सांगतो. मग हा सगळा कर्तव्यांचा पसारा पुन्हा नियमाची गुलामी नाही का? पण तोच पौल रोमकरांस पत्रात म्हणतो की विश्वासाने आम्ही नियम रद्द करत नाही, उलट प्रस्थापित करतो. आणि प्रीती शेजाऱ्याचे वाईट करत नाही म्हणून ती नियमाची पूर्तता आहे, असेही. तारण मिळवण्यासाठी कठडा घालायचा नाही हे मान्य. पण तारण मिळाले म्हणून कठडा नको, असे पौलाने कुठेही म्हटलेले नाही. मार्टिन ल्यूथरपेक्षा कृपेचा कडवा पुरस्कर्ता कोण दाखवणार? त्याच्या १५२९ च्या लघु प्रश्नोत्तरीत ‘खून करू नको’ या आज्ञेचा अर्थ शेजाऱ्याच्या शरीराला इजा न करण्यावर थांबत नाही, त्याच्या प्रत्येक शारीरिक गरजेत मदत करण्यापर्यंत जातो. १९९२ ची कॅथलिक धर्मशिक्षाही सबळ कारणाशिवाय कुणाचा जीव धोक्यात घालणे याच आज्ञेखाली निषिद्ध ठरवते. पंथ वेगळे, वाद मोठे, पण या मुद्द्यावर दोघे एका बाजूला आहेत.

दुसरा आक्षेप पोटाचा आहे, आणि तो हलका नाही. इतकी जबाबदारी लादली तर कारखाने बंद पडतील आणि हजारो घरांच्या चुली विझतील. पण कठड्याचा नियम घर बांधू नको असे म्हणत नाही. बैल पाळू नको असेही नाही. वायू मोजायला लागणारा वेळ, दोर धरायला लागणारा एक जादा माणूस, सांडपाणी प्रक्रिया केंद्राची पुरेशी क्षमता हा उत्पादनाचाच खर्च आहे. तो वाचवला तर नाहीसा होत नाही. तो कामगाराच्या फुप्फुसात आणि मच्छीमाराच्या जाळ्यात जाऊन पडतो. रोजगाराचे नाव घेऊन रोजगार करणाऱ्याचाच जीव स्वस्त करणे, हे कामगाराचे हित कधीपासून झाले?

राहिला तो आक्षेप की धर्मगुरूंनी वेदी सांभाळावी, कारखाने आणि जमिनी सरकार पाहील. याच जिल्ह्यातल्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीतून जमीन आणि पाणी वाचवण्याचा लढा दिला, आणि ‘सुबोध बायबल’ही त्यांनीच मराठीत आणले. ही दोन कामे एकाच माणसाच्या हातून झाली हा योगायोग नव्हे. ख्रिस्ती सत्ता असली की आज्ञा आपोआप पाळली जाते, असाही दावा नाही. तारापूरचा किल्ला १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने घेईपर्यंत हा किनारा दहा आज्ञा पाठ म्हणणाऱ्या पोर्तुगीजांकडेच होता, आणि त्याच सत्तेच्या गोव्यात धर्मसमीक्षण न्यायालय सगळे नियम पाळून माणसे छळत होते. आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जीविताच्या हक्कात प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाष कुमार खटल्यात सांगितले. न्यायालय घटनेतला एक शब्द इतक्या दूरवर वाचत असेल, तर चर्चने देवाची आज्ञा त्याहून आखूड वाचावी, याला काय आधार आहे?

पापनिवेदनापूर्वीच्या आत्मपरीक्षणात या आज्ञेखाली राग, सूड, गर्भपात, व्यसन यांचे प्रश्न असतात. ते राहू द्यावेत. त्यांच्या जोडीला इथल्या माणसांचे प्रश्न यावेत: न तपासता दाखल्यावर सही केली का? पावसाचा फायदा घेऊन टाकी नाल्यात सोडली का? ठेकेदाराच्या माणसाला प्रशिक्षण न देता रात्रपाळीत रिअ‍ॅक्टरवर उभे केले का? आणि ‘हो’ असे उत्तर आले तर चार प्रार्थना सांगून पाठवणी करू नये. अन्यायाने घेतलेले परत केल्याशिवाय पश्चात्ताप पुरा होत नाही, ही चर्चची जुनीच शिकवण आहे; तिच्यात मेलेल्या कामगाराच्या बायकोची अडकलेली भरपाईही धरली पाहिजे. जकातदार जक्कयाने उभे राहून अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट परतफेड जाहीर केली. या घराला तारण झाले, असे येशू म्हणाला तो त्यानंतर.