आवळा देऊन कोहळा

मेकॅनिक मंडळींच्या हाताला म्हणे अंदाज असतो. असेल! आमच्या कॅशियरच्या हातालाही आहे. बंडल तळव्यावर तोलून ‘नव्व्याण्णवच आहेत’ म्हणतो आणि बहुधा तेवढ्याच निघतात. पण मोजल्याशिवाय त्याने सही केली तर शपथ! मग इंजिनाचं हेड बसवतानाच हा अंदाज देव्हाऱ्यात बसवून का पुजायचा?

आमच्याकडे वडिलांची पद्मिनी आहे. कुर्ल्याला प्रीमिअरच्या कारखान्यात जन्मली, मुलुंडला सासरी आली. तिच्या टॅक्सी-भगिनी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईतून निवृत्त झाल्या. ही अजून नांदते आहे. तिचं हेड एका उस्तादांनी बसवलं. पान्याला हातभर पाइप जोडला, अलीकडच्या कोपऱ्यातून सुरुवात केली आणि रेशनची रांग उरकावी तसे बोल्ट ओळीने पिळले. वर म्हणतात, ‘साहेब, पाना आपल्याशी बोलतो!’ तिसऱ्या आठवड्यात कसाऱ्याच्या अलीकडे रेडिएटर बोलला. ऑइलची पट्टी काढून पाहिली, तर तिच्यावर दुधाळ चहा. गॅस्केट गेलं होतं आणि पाणी ऑइलला भेटायला आलं होतं. बोल्ट आवळले त्यांनी, कोहळा गेला माझा.

थालीपीठ थापताना कोणती गृहिणी कडेपासून सुरुवात करते? मधून बाहेर जाते. हेडचंही तेच. मधले बोल्ट आधी, मग आलटून-पालटून कडेचे. तेही एका दमात नव्हे, दोन-तीन टप्प्यांत. म्हणजे गॅस्केट सगळीकडे सारखं दाबलं जातं. हा क्रम आणि जोराचा आकडा गाडीच्या पुस्तकात छापलेला असतो. पण पुस्तक उघडणं म्हणजे उस्तादगिरीला बट्टा!

आणि नुसता जोर म्हणजे घट्टपणा नव्हे. पान्याने लावलेल्या जोरापैकी सुमारे ९० टक्के घर्षणातच खर्च होतो, बोल्ट ताणायला उरतात जेमतेम १०. (पगाराचं गणित ज्याला ठाऊक आहे त्याला हे समजावून सांगायला नको.) आटे गंजलेले असले की ते दहाही पोचत नाहीत, पाना घट्ट म्हणतो, बोल्ट आतून सैलच. उलट फाजील पिळलं तर बोल्ट कायमचा ताणतो, नाहीतर आटेच उडतात. आजच्या पुष्कळ गाड्यांत तर ठरलेल्या जोरानंतर बोल्ट अमुक अंश फिरवायचा असतो आणि पुन्हा हेड उघडलं की नवाच घालायचा असतो. तिथे अंदाज काय करणार, कपाळ? शिवाय पुस्तकात किलोग्रॅम-मीटर आणि पान्यावर फूट-पौंड असले, तर एकाचे सव्वासात होतात हे कोणी पाहायचं?

टॉर्क पाना उस्तादांकडे आहे हो! काचेच्या कपाटात, हार घातलेला. दसऱ्याला पूजा होते. हाताखालच्या पोऱ्याला त्याला शिवायची परवानगी नाही. त्याने अंदाज शिकायचा, तोही आमच्या गाड्यांवर. आणि आम्ही गिऱ्हाइकं तरी काय? मोजून काम करणाऱ्याने दोनशे रुपये जास्त सांगितले की ‘लुटतो’ म्हणायचं आणि पाइपवाल्याच्या दंडाकडे कौतुकाने पाहायचं!

म्हणून मी उस्तादांना लेखी कळवलं: बिलावर बोल्टचा आकडा लिहा, खाली दोन सह्या हव्यात, एक आवळणाऱ्याची, दुसरी तपासणाऱ्याची.

‘साहेब,’ ते म्हणाले, ‘एवढा हिशेब ठेवता आला असता तर बँकच नसती का काढली?’